पहिली गाडी घेताय? आधी टायर बघा, स्क्रीन नंतर

गाडी घ्यायचं ठरलं की आजूबाजूचे सगळे एकदम तज्ज्ञ होतात. कोणी म्हणतं मायलेज बघ, कोणी म्हणतं रीसेल बघ, आणि शोरूममधला माणूस तर सनरूफ उघडझाप करून दाखवण्यातच अर्धा वेळ घालवतो. या सगळ्या गडबडीत ही गाडी थांबते कशी, वळते कशी आणि कुठे आदळलीच तर आतल्या माणसांचं काय होतं हे विचारायचं राहूनच जातं. मी नवी पण घेतलीय आणि सेकंडहँड पण, शिवाय ओळखीतलं कोणी गाडी बघायला निघालं की मला सोबत ओढतातच, त्यामुळे नवीन लोक कुठे गोंधळतात ते आता पाठ झालंय. माझं म्हणणं सोपं आहे, शोरूममध्ये जे सगळ्यात आधी दाखवतात ते तुम्ही सगळ्यात शेवटी बघा.

१. आधी वापर लिहून काढा

कागदावर लिहा, डोक्यात नको. गाडीत नेहमी किती जण बसणार, त्यात लहान मुलं आणि म्हातारी माणसं किती, रोजचं अंतर किती, हायवे जास्त की गर्दीतलं चालवणं जास्त, रात्रीचं चालवावं लागणार का, पार्किंगची जागा केवढी. वर्षातून एकदा सगळं खानदान घेऊन फिरायला जाऊ म्हणून सात सीटर घेणारे लोक मी बघितलेत, नंतर वर्षभर तिसरी रांग दुमडलेलीच असते. बजेट काढताना नुसती गाडीची किंमत धरू नका, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, पुढेमागे टायरचा एक सेट हे पण धरा, नाहीतर हप्ता भरता भरता टायर बदलायला पैसे उरत नाहीत आणि गुळगुळीत टायरवर गाडी पळत राहते.

२. कुठल्या गोष्टीत तडजोड करायची नाही ते ठरवा

ही माझी यादी, याच्या खाली मी उतरत नाही:

- सगळ्या सीटना तीन पॉइंटचा सीटबेल्ट, मागच्या मधल्या सीटला पण
- एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारे ब्रेक) आणि ईएससी (घसरती गाडी सावरणारी यंत्रणा), दोन्हीबद्दल खाली सांगतो
- पुढे दोन एअरबॅग तर हव्यातच, साइड आणि कर्टन (खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या) एअरबॅग मिळाल्या तर सोडू नका
- सगळ्या सीटना वरखाली होणारे हेडरेस्ट
- मुलं असतील तर आयसोफिक्स, म्हणजे मुलांची सीट थेट गाडीला अडकवायचे हुक

सीटबेल्ट पहिला का ते सांगतो. तीन पॉइंटचा बेल्ट व्होल्वोच्या निल्स बोलिन या इंजिनियरने १९५९ मध्ये आणला आणि आजही गाडीतली बाकीची सुरक्षा त्याच्याच भरवशावर उभी आहे. एअरबॅग ही बेल्टला मदत करायला असते, बेल्टच्या जागी नाही. ती डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते आणि बेल्ट न लावलेला माणूस तोपर्यंत पुढे फेकला गेलेला असेल तर तीच बॅग त्याला जबर मार देते.

एबीएसबद्दल बहुतेकांना वाटतं की त्याने गाडी लवकर थांबते. त्याचं मुख्य काम वेगळं आहे, जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणं, म्हणजे ब्रेक दाबलेला असताना स्टेअरिंग फिरवून तुम्ही समोरची वस्तू चुकवू शकता. खडीवर किंवा सुट्या वाळूवर तर एबीएसमुळे गाडी थांबायला उलट थोडं जास्त अंतर पण लागू शकतं. ईएससी त्याच्या पुढचं. गाडी घसरून भलतीकडेच जायला लागली की ती एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून गाडी परत ओळीत आणते. एबीएस आहे म्हणजे ईएससी असेलच असं नाही, ब्रोशरमध्ये दोन्ही वेगवेगळे शोधा, आणि तुम्ही घेताय त्याच व्हेरिएंटच्या रकान्यात शोधा. मोठी फसगत इथेच होते, जाहिरातीत टॉप मॉडेल असतं आणि बुकिंग बेस मॉडेलचं होतं.

पैसे कमी पडत असतील तर मोठ्या गाडीचं बेस मॉडेल घेण्यापेक्षा छोट्या गाडीचं वरचं, पूर्ण सेफ्टीवालं मॉडेल मला कधीही बरं वाटतं. यावर लोक माझ्याशी भांडतात, मोठी गाडी म्हणजे भक्कम गाडी म्हणतात. वजनाचा फायदा असतो हे खरं, पण नुसत्या आकाराने गाडी घसरायची थांबत नाही.

३. स्टार नीट वाचायला शिका

एनकॅप म्हणजे गाड्या मुद्दाम धडकवून त्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या टेस्ट. हे स्टार बघायचेच, पण नुसता आकडा बघून खूश होऊ नका. चार गोष्टी तपासा. टेस्ट कुठल्या साली झाली, कारण टेस्टचे नियम वरचेवर कडक होतात आणि जुने पाच स्टार आजच्या पाच स्टारच्या बरोबरीचे नसतात. टेस्ट केलेल्या गाडीत किती एअरबॅग होत्या आणि तुमच्या व्हेरिएंटमध्ये तेवढ्याच आहेत का. मोठ्यांचे स्टार आणि लहान मुलांचे स्टार वेगळे दिलेत का, दिले असतील तर दोन्ही वाचा. आणि ग्लोबल एनकॅपच्या रिपोर्टमध्ये बॉडीशेल, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, धडकेत स्थिर राहिला की अस्थिर असं लिहिलेलं असतं, तो अस्थिर असेल तर मी ती गाडी यादीतून काढून टाकतो.

अजून एक. ग्लोबल एनकॅपची समोरून धडकवायची टेस्ट ताशी ६४ किलोमीटरला होते. म्हणजे पाच स्टारची गाडी १२० ने आदळली तरी आपण सहीसलामत, असा अर्थ काढणाऱ्यांनी तो काढू नये.

४. टेस्ट ड्राइव्ह म्हणजे चक्कर नव्हे

शोरूमवाले ठरलेल्या गुळगुळीत रस्त्यावरून दोन वळणं घेऊन परत आणतात. तुम्ही खराब रस्ता मागा, चढ मागा, जमलं तर अंधार पडल्यावरची वेळ मागा कारण हेडलाइट दिवसा कळत नाहीत.

गाडी चालू करायच्या आधी नुसतं बसून बघा. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब किती जाड आहेत? काही गाड्यांत त्या खांबाआड अख्खा बाइकवाला लपतो, वळताना डोकं पुढेमागे करून बघावं लागतं. मागची काच केवढी दिसते? बाहेरचे आरसे मोठे आहेत का? एसीचा पंखा कमीजास्त करायला बटण आहे की स्क्रीनवर तीन ठिकाणी बोट लावायचं? चालत्या गाडीत स्क्रीन चाळणं म्हणजे रस्त्यावरून नजर काढणं, त्यामुळे साध्या बटणांच्या गाडीला मी जास्त मार्क देतो, भले ती जुनाट दिसो.

मग चालवताना मोकळा रस्ता बघून, मागे कोणी नाही याची खात्री करून, सोबतच्या माणसाला सांगून, एकदा कचकन ब्रेक दाबा. गाडी सरळ थांबली पाहिजे, एका बाजूला ओढायला नको. पाय पुरतात का, स्टेअरिंग वरखाली होतं का, सीटची उंची बदलते का हे जो रोज चालवणार त्याने बसून बघायचं. आणि एकदा मागे पण बसा, घरातले तिथेच बसणारेत.

५. सेकंडहँड असेल तर डोळ्यात तेल घाला

गाडी थंड असताना बघायला जा. विकणाऱ्याला आधीच सांगा की मी आल्याशिवाय चालू करू नका, आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा, गरम लागलं तर थंड इंजिन चालू करताना दिसणारं काहीतरी त्याला लपवायचं असू शकतं. बघायला दिवसा उजेडी जा, पावसात नको, ओल्या गाडीचा रंग सगळा सारखाच दिसतो.

अपघात झालेली गाडी ओळखायला दारं, बॉनेट आणि डिकीच्या फटी बघा, दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग उडाला असेल तर पाना लागलाय, म्हणजे ते कधीतरी खोललंय. काचांच्या कोपऱ्यात छोटे कोड असतात, सगळ्या काचांचं साल साधारण एक हवं, एकच काच वेगळ्या सालची असेल तर का बदलली ते विचारा. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात पत्रा चेपून सरळ केल्याच्या खुणा दिसतात का तेही बघा.

पाण्यात बुडालेल्या गाडीसाठी सगळ्यात चांगली टेस्ट म्हणजे सीटबेल्ट. बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत, रोजच्या वापरात कधीच बाहेर येत नाही तेवढा. त्या शेवटच्या वीतभर पट्टीवरून बोट फिरवा. बुडालेल्या गाडीत तिथे विणीत बारीक माती बसलेली असते, पट्टी कडक लागते, पाण्याची रेघ पण दिसते. विकणारा सीटा धुतो, परफ्यूम मारतो, पण बेल्ट ओढून साफ करायचं त्याला सहसा सुचत नाही. बेल्ट हातात आहेच तर तो कुठे फाटलाय का, सोडल्यावर स्वतःहून आत जातो का आणि झटका दिल्यावर अडकतो का ते पण बघून घ्या.

मीटरवरचा आकडा आणि गाडीची झीज जुळते का बघा. मीटर कमी आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, स्टेअरिंग चकाकलेलं, ड्रायव्हर सीटची कड बसलेली असेल तर मीटर मागे फिरवलंय असं समजा.

आता दिव्यांची टेस्ट, ही बरेच जण विसरतात. इंजिन चालू न करता नुसतं इग्निशन ऑन करा. एअरबॅग, एबीएस, इंजिन हे दिवे आधी लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत (इंजिनचा दिवा गाडी चालू केल्यावर विझतो). दिवा लागून तसाच राहिला तर बिघाड आहे, पण एअरबॅगचा दिवा मुळात लागलाच नाही तर जास्त सावध व्हा, काही जण फुटलेल्या एअरबॅग न बदलता नुसता दिवा बंद करून टाकतात.

हे सगळं बघून झालं तरी व्यवहाराआधी तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवून घ्या. विकणाऱ्याने सुचवलेला मेकॅनिक नको. आणि गाडी तपासायला द्यायला कोणी आढेवेढे घेत असेल तर चहा न पिता निघा.

६. कागदपत्रं

पैसे द्यायच्या आधी हे समोर ठेवून तपासा:

- नोंदणीचा कागद, मालकाचं नाव आणि विकणाऱ्याचं ओळखपत्र, दोन्ही जुळायला हवं
- चेसिस नंबर आणि इंजिन नंबर, कागदावरचा आणि गाडीवरचा
- इन्शुरन्स आणि आधीच्या क्लेमची माहिती
- सर्व्हिसची बिलं किंवा बुकलेट
- कर्ज असेल तर फिटल्याचा बँकेचा कागद
- थकलेले दंड आणि कर नाहीत याचा पुरावा
- दोन्ही चाव्या

आजच्या गाड्यांचा चेसिस नंबर अक्षरं आणि आकडे मिळून १७ खुणांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधी वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. कुठे दिसलीच तर कागद तरी चुकीचा आहे नाहीतर गाडी तरी. याच नंबरवरून कंपनीकडे विचारा की या गाडीला कुठला रीकॉल (कंपनीने दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावणं) आहे का आणि ते काम झालंय का. नाव बदलून व्हायच्या आधी पूर्ण रक्कम देऊन मोकळं होऊ नका.

७. घरी आणल्यावर पहिल्या दिवशी सीट आणि आरसे लावा

छातीपासून स्टेअरिंगच्या मध्यापर्यंत निदान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला हवा. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाला आणा. मानेशी ठेवलेलं हेडरेस्ट मागून धडक बसली की उलट त्रास देतं. बेल्टचा खालचा पट्टा कमरेच्या हाडावर, पोटावर नाही, गरोदर बाईंनी तर पोटाच्या खालूनच घ्यायचा.

बाहेरच्या आरशात आपलीच गाडी अर्धी दिसेल असं लोक ठेवतात. डोकं खिडकीच्या काचेला टेकवा आणि त्या बाजूचा आरसा असा फिरवा की गाडीची कड जेमतेम दिसेल, दुसऱ्या आरशासाठी गाडीच्या मध्याकडे तेवढंच झुका. ब्लाइंड स्पॉट, म्हणजे आरशात न दिसणारी जागा, बराच कमी होतो, पूर्ण जात नाही, लेन बदलताना मान वळवून बघायचंच.

मुलांसाठी वजनाप्रमाणे आणि उंचीप्रमाणे सीट घ्या. मागे तोंड असलेली बाळाची सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीही लावू नका. मांडीवर बाळ घेऊन बसणं म्हणजे प्रेम वाटतं, पण धडकेच्या वेळी कुठल्याच हातात तेवढी ताकद नसते.

ॲक्सेसरीजचा मोह आवरा. साइड एअरबॅग सीटमध्ये असेल तर जाड सीट कव्हर तिचा रस्ता अडवतं. डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेली मूर्ती, घड्याळ, परफ्यूमची बाटली बॅग फुगली की गोळीसारखी सुटते. बेल्टचा आवाज बंद करणारी नकली क्लिप विकतात, ती विकणाऱ्याबद्दल काय बोलावं.

८. टायर

अख्खी गाडी रस्त्याला टेकते ती चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढं. बाकी कितीही सेन्सर असोत, शेवटी काम तिथेच होतं.

टायरच्या बाजूला डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याच्या शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. कधीकधी हे चार आकडे फक्त एकाच बाजूला छापलेले असतात, बाहेरून नाही दिसले तर गाडीखाली वाकून आतल्या बाजूला बघा. रबर न वापरता पण म्हातारं होतं, त्यामुळे नक्षी भरपूर असली तरी जुन्या टायरला बारीक चिरा पडल्यात का ते बघायचं, आणि नवे टायर घेताना पण ही तारीख बघून घ्या, दुकानात पडून राहिलेला माल नव्याच्या भावात गळ्यात मारतात.

नक्षीच्या खाचांमध्ये छोटे आडवे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. पण तिथपर्यंत वाट बघू नका, ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला ढकलायचं काम त्याच्या बरंच आधी कमी होतं. हवा थंड टायरमध्ये तपासा, आणि आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरचा धरा. टायरवर छापलेला आकडा जास्तीत जास्त मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरायची नसते. स्टेपनीत हवा भरायला विसरू नका, आणि ती बाकी चाकांपेक्षा बारीक असेल तर तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते, ती पाळा.

९. रस्त्यावर: अंतर, वेग, नजर

ताशी १०० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे ४२ मीटर तर ब्रेक लागायच्या आधीच गेले, त्यानंतर कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला अजून ५५ च्या आसपास. ताशी ६० ला हीच बेरीज ४५ मीटरच्या आत बसते. वेग दुप्पट झाला की ब्रेकिंगचं अंतर चौपट होतं. आणि फायदा किती? २० किलोमीटरला ८० ऐवजी १०० ने गेलात तर वाचतात फक्त ३ मिनिटं.

पुढच्या गाडीपासूनचं अंतर मीटरमध्ये मोजायच्या भानगडीत पडू नका. ती गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की सावकाश मोजायला लागा, तुम्ही तिथे तीन सेकंदांच्या आत पोचलात तर मागे सरका. पावसात हेच दुप्पट. मध्ये कोणी घुसतंच, मग काय, परत थोडं मागे व्हायचं, रागावून काही मिळत नाही.

ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर तुम्ही पण त्याला दिसत नाही, तिथे रेंगाळू नका. रात्री समोरून अप्पर मारत कोणी आलं तर त्याच्या दिव्याकडे न बघता आपल्या बाजूच्या कडेच्या पट्टीकडे बघा. धुक्यात हायबीम लावलात तर समोर पांढरी भिंत उभी राहते, लो बीमच ठेवा. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे अजून भेटतात, तसं करू नका, खालचा गिअर टाका म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत.

झोप यायला लागली की गाणी, काच खाली करणं, तोंडावर पाणी मारणं याने काही होत नाही. सुरक्षित जागी थांबून पंधरा वीस मिनिटं डोळे मिटा.

१०. गडबड झाली तर

टायर फुटला तर ब्रेकवर नाचू नका. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, वेग कमी झाला की बाजूला घ्या. पाण्यावर गाडी तरंगल्यासारखी वाटली तरी असंच, झटका काहीच नको. एबीएसच्या गाडीत आणीबाणीचा ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून धरायचा, पेडल पायाखाली थरथरतं आणि कडकड आवाज येतो, नवीन माणूस घाबरून पाय काढतो आणि तिथेच घात होतो. म्हणून कुठल्यातरी मोकळ्या, रिकाम्या मैदानात कमी वेगावर एकदा हे करून बघा, पायाला ती थरथर कळू दे.

डिकीत हे ठेवा: हवा भरलेली स्टेपनी, जॅक, पाना, परावर्तक त्रिकोण, चमकणारं जॅकेट, टॉर्च, फर्स्ट एडचा डबा, टायरची हवा मोजायचा गेज, जंप केबल. काच फोडायची हातोडी आणि बेल्ट कापायचं ब्लेड मात्र डिकीत नको, ड्रायव्हरच्या हाताला येईल असं. ही हातोडी बाजूच्या काचेवर चालते, पुढच्या काचेवर नाही, कारण पुढची काच दोन थर चिकटवून केलेली असते. काही गाड्यांत आता बाजूच्या काचा पण तशाच येतात, त्यामुळे तुमच्या गाडीत कुठल्या आहेत ते काचेच्या कोपऱ्यातल्या खुणेवरून आधीच बघून ठेवा.

हायवेवर गाडी बंद पडली तर हॅझर्ड लावा, रहदारी नसलेल्या बाजूने सगळ्यांना उतरवा आणि कठड्यापलीकडे उभं करा. त्रिकोण मागे लांब नेऊन ठेवायचा, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालत जायचं. मागून गाड्या जोरात येत असतील आणि कडेला जागा नसेल तर त्रिकोणाचा नाद सोडा, आधी माणसं बाजूला करा आणि तिथूनच मदतीला फोन लावा.